फेरी झाली, गोळी कुठे आहे?

गोव्यात सरकारी आरोग्यसेवेचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या मंत्र्यांस, अधिकाऱ्यांस आणि डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

२६ जूनला आमच्या शाळेची व्यसनमुक्ती फेरी निघाली. जागतिक अमली पदार्थविरोधी दिन, वरून आलेलं परिपत्रक, आणि डिचोलीतला जूनचा पाऊस. तिसरी-चौथीची मुलं रेनकोट घालून घोषणा देत चालली होती. फलकांवरची शाई पावसाने उतरत गेली आणि बाजारात पोचेपर्यंत 'दारू सोडा, संसार जोडा' यातलं 'सोडा' तेवढं शिल्लक राहिलं. बारच्या दारात उभ्या असलेल्या दोघांना ते वाचून हसू आलं. खरं सांगते, मलाही आलं. मग माझ्या रांगेतल्या एका मुलाने बारच्या आत बघून हात हलवला. आत त्याचा बाप बसला होता. बापानेही हात हलवला. पोराला काही वावगं वाटलं नाही, तो पुन्हा घोषणा द्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई शाळेच्या फाटकापाशी थांबली होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाली, "बाई, तुम्ही घोवाला जेवणातून कसली तरी गोळी घालत होतात म्हणे. तिचं नाव सांगा मला."

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. माझ्या यजमानांना दारूपासून लांब ठेवणारी, डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेली गोळी आणायला मी सरकारी इस्पितळाच्या खिडकीवर गेले. खिडकीतून उत्तर आलं, "ती आलेली नाही. कधी येईल सांगता येत नाही. बाहेरून घ्या." ते इस्पितळ कुठलं हे मी लिहीत नाही. दोष एका खिडकीचा असता तर मी त्या खिडकीशीच भांडले असते.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे ही बाई दारूबंदीवाली आहे असा कोणाचा गैरसमज व्हायला नको. माझं माहेर सत्तरी तालुक्यातलं, घरची काजूची भट्टी. नीरो, म्हणजे काजूचा ताजा रस, पिऊन आम्ही भावंडं मोठी झालो, आणि हवेत हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या वाफेच्या काजूदारूचा, वास आला की परीक्षा जवळ आल्याचं कळायचं. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले नाहीत, फेणीच वाटली. वडील स्वतः रात्री एक पेला घ्यायचे आणि दुसरा कधी भरायचे नाहीत. त्यामुळे लग्न होऊन सासरी आले तेव्हा पिणारा माणूस बघून मला भीती वाटली नव्हती. एका पेल्यावर थांबणं काही माणसांच्या हातात राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

यजमान खाणीवर ट्रक चालवत. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ते प्यायला लागले असं आमच्याकडे लोक सांगतात. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक दारुड्याची हीच कथा सांगितली जाते. ती सोयीची आहे, पण आमच्या घरापुरती तरी खोटी आहे. खाण चालू होती तेव्हा हातात पैसा होता म्हणून पीत, बंद झाली तेव्हा हाताला काम नव्हतं म्हणून पीत. कारण बदललं, बाटली तीच राहिली. २०१६ पर्यंत सकाळी चहाच्या आधी घोट घेतल्याशिवाय त्यांचे हात स्थिर होत नव्हते.

त्याच वर्षी मी ती जेवणातून घालायची गोळी आणली. औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती. मी काय मागते आहे ते दुकानदाराला अर्ध्या वाक्यात कळलं, म्हणजे मागणारी मी पहिली नव्हते. चिठ्ठी विचारली नाही. पट्टी कागदात गुंडाळून देताना आपुलकीने म्हणाला, "बाये, जेवणांत घाल, ताका कळचें ना." मी रोज सकाळी गोळी कुटून शितकडीत, म्हणजे भात-कालवणात, मिसळू लागले. कशाने काय होतं, किती घालायची, घातल्यावर ते प्याले तर काय होईल, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. ते प्याले की त्यांना ओकारी येईल आणि दारूची शिसारी बसेल, एवढंच ऐकलं होतं.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधताना ते मधेच उठून बाहेर जाऊन आले. परत आले ते लालबुंद होऊन. डोळे लाल, मान लाल, डोकं फुटतंय म्हणत खाली बसले, ओकले, छातीवर हात दाबून श्वासासाठी धडपडू लागले. शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून इस्पितळात नेलं. डॉक्टरने मला तीनदा विचारलं, "काही औषध चालू आहे का?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं.

सुनेने नवऱ्याला विष घातलं असं घरचे म्हणतील, पोलीस येतील, नोकरी जाईल. रात्रभर मी त्या बाकावर हाच हिशेब करत बसले होते. पहाटे नर्सबाई चहा घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं. तिने डॉक्टरला उठवलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "रात्री सांगितलं असतं तर मी वेगळा विचार केला असता."

ते वाचले. त्यांना वाटलं हृदयाचा झटका आला. महिनाभर भीतीने प्याले नाहीत, मग पुन्हा सुरू झाले.

आता त्या गोळीबद्दल मला जे नंतर कळलं ते लिहिते, कारण माझ्यासारख्या बायका हे पत्र वाचतील. तिचं नाव डायसल्फिराम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले संशोधक ती जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. त्यांनी ती स्वतः घेऊन पाहिली, आणि दारू घेतल्यावर आपल्याला त्रास होतो हे त्यांच्या ध्यानात आलं. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग त्या विषाचा निचरा करतं. ही गोळी तो निचरा अडवते. विष अंगात साचतं. चेहरा लाल होणं, ओकाऱ्या, धडधड, रक्तदाब कोसळणं हे सगळं त्याचंच. हृदय कमकुवत असलेला माणूस यात मरू शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे घडू शकतं, आणि खोकल्याच्या औषधातला मद्यार्कसुद्धा त्याला पुरतो. म्हणून माणूस शुद्धीत असताना, शेवटच्या घोटाला किमान बारा तास झाल्यावर, त्याला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनेच ती सुरू करायची असते. आधी यकृत तपासायचं असतं, कारण ही गोळी यकृतालाही इजा करू शकते. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात चौकट आखून छापलेलं असतं की रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय ते कधीही देऊ नये. आमच्याकडे ते कळू न देण्यासाठीच विकत मिळतं.

या औषधाला मी वाईट म्हणत नाही. ज्याला सोडायची आहे आणि जो स्वतःच्या हाताने, घरच्या माणसासमोर रोज गोळी घेतो, त्याला तिचा आधार होतो. सकाळी गोळी घेतली की त्या दिवसापुरता प्रश्न मिटला. पण तो निर्णय त्याचा असायला हवा. मी त्यांच्या ताटात कालवला तो माझा निर्णय होता.

तर माझी पहिली तक्रार ही. बायका हे करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदारांना ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी यावर कोणी उघड बोलत नाही, कारण बाई बिचारी दुसरं काय करणार, अशी सगळ्यांची समजूत. तिला दुसरं काय करता येईल ते सांगणं हे तुमचं काम आहे.

दुसरी तक्रार फेरीतल्या फलकांची आहे आणि ती मी गांभीर्याने करते आहे. एका फलकावर लिहिलं होतं, 'आजच सोडा!' जो सणासुदीला पितो त्याला हे सांगायला हरकत नाही. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात त्याने आजच, घरच्या घरी, एकदम सोडली तर त्याचा जीव जाऊ शकतो. आमच्या घरी हे घडता घडता राहिलं. २०२१ साली यजमानांनी ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली. थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना फिट आली. चौथ्या दिवशी त्यांना भिंतीवरून मुंगळे चढताना दिसत होते, मला ते ओळखत नव्हते आणि वाड्यावरचे लोक म्हणत होते, लपून प्याला असणार, देवाने शिक्षा केली. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने शब्द पाळला आणि पहिल्यांदाच त्याला खोटारडा ठरवलं.

वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू दबलेला असतो. दारू अचानक काढली की तो उसळतो. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भ्रम साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. यावर औषध आहे आणि ते काही नवं नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत देऊन काही दिवसांत उतरवत नेतात, सोबत थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ देतात. ते थायमिन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वहीच्या पानावर चित्र काढून समजावलं. त्याआधीची दहा वर्षं आम्ही वेगवेगळ्या दवाखान्यांत पित्ताच्या गोळ्या, लिव्हरचं टॉनिक आणि "मन घट्ट करा" हा सल्ला घेऊन परतत होतो. साखरेच्या रोग्याला कोणी मन घट्ट करायला सांगत नाही. त्यालाही पथ्य सांगतात, पण हातात गोळी देऊन.

त्याच डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की दारूची ओढ कमी करणारी औषधं असतात. इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गोळी म्हणजे शिक्षा करणारीच.

ती औषधं मुख्यतः दोन. एक नालट्रेक्सोन, रोज पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी. दारूने मेंदूत जी सुखाची लहर उठते ती अडवते. प्याला तरी माणूस आजारी पडत नाही, मजा येत नाही एवढंच, आणि दुसऱ्या पेल्याची ओढ उतरते. ज्यांची दारू अजून सुटलेली नाही त्यांनाही ती सुरू करता येते. अफूच्या जातीची वेदनाशामकं घेणाऱ्यांना मात्र ती चालत नाही, आणि यकृताला तीव्र सूज असेल तर जपून. दुसरं अ‍ॅकॅम्प्रोसेट. दारू थांबल्यावर मेंदूत जी तगमग राहते, झोप लागत नाही, जीव टांगल्यासारखा होतो, ती शांत करतं. यकृतावर त्याचा भार पडत नाही, पण मूत्रपिंड नीट हवं. दिवसाला सहा गोळ्या, दोन-दोन तीन वेळा. यजमानांचे डोळे तेव्हा पिवळे झालेले होते म्हणून त्यांना हे दिलं. आणि अशाच यकृताच्या माणसाला मी डायसल्फिराम खाऊ घालत होते की काय, हा विचार आजही रात्री कधीतरी येतो.

ही औषधं जादू नाहीत, ते मी लपवणार नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ११८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्याप्रमाणे ११ जणांना अ‍ॅकॅम्प्रोसेट दिलं तर त्यातला एक जण, जो एरवी पुन्हा प्याला असता, तो थांबून राहतो. नालट्रेक्सोनसाठी तो आकडा १८ आहे, पण बेसुमार पिण्याकडे पुन्हा वळणं टाळण्यात ते सरस, तिथे पुन्हा ११. वर्गात अकरा मुलं नापासाच्या कडेवर असताना एकाच उपायाने एक मूल नक्की वर येणार असेल, तर तो उपाय मी सोडणार नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. जगाने अत्यावश्यक म्हटलेली गोळी आमच्या खिडकीवर 'आलेली नाही' असते.

तिसरी तक्रार या 'आलेली नाही'ची. २०२२ साली गोळ्या सुरू झाल्या. यजमान सात महिने प्याले नाहीत. दर महिन्याला दोन बस बदलून आम्ही जायचो, अर्धा दिवस रांगेत, अर्धा दिवस परतीचा. त्यांच्या हाताला आता रोजंदारीचं काम होतं, म्हणजे एक दिवस बुडायचा. आठव्या महिन्यात खिडकीवर गोळी नव्हती. नवव्यातही नव्हती. मी पगारदार आहे, बाहेरून घेऊ शकले असते. पण ते म्हणाले, सात महिने झाले, आता लागत नाही, उगाच खर्च कशाला. मीही मान डोलावली. ही माझी चूक, ती मी तुमच्यावर ढकलत नाही. शिगम्याला रोमटाच्या मिरवणुकीत ढोल वाजवायला गेले आणि पहाटे लोकांनी उचलून आणले.

पुन्हा सुरुवात करायला आम्हाला दोन वर्षं लागली. गेल्या ऑगस्टपासून ते पुन्हा गोळ्यांवर आहेत.

या पुन्हाच्या वेळी मी त्यांना शितकडीतली गोष्ट सांगितली, डॉक्टरीणबाईंसमोर, कारण घरी धीर झाला नसता. ते काही बोलले नाहीत. बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. म्हापसा मागे पडल्यावर म्हणाले, "म्हणून त्या वर्षी माटोळी अर्धी राहिली." त्यानंतर आजपर्यंत तो विषय नाही. या पत्राला त्यांची संमती आहे. नाव घालू नकोस, एवढीच अट.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा आश्चर्याची आहे. ज्या गोव्यात हे सगळं घडतं त्याच गोव्याने या विषयात जगाला एक धडा दिलेला आहे. 'संगात' या इथल्या संस्थेने आपल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. डॉक्टर नव्हेत, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी काही बैठकांमध्ये पद्धतशीर बोलायचं. ३७७ पुरुष. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या बाहेर आले, न मिळालेल्यांत २६ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली ते छापून आलं. पिण्याबद्दलचे दहा प्रश्न विचारून, गुण देऊन, ही माणसं निवडली होती. दहा प्रश्न! आमच्या यजमानांना दहा वर्षांत एकाही केंद्रात त्यातला एक प्रश्न नीट विचारला गेला नाही. "पितोस?" "थोडी." "सोड." इथे तपासणी संपायची. ती चाचणी मधल्या गटासाठी होती; पूर्ण आहारी गेलेल्यांना बोलण्याच्या जोडीला औषध लागतं. बोलणारी माणसं कशी तयार करायची ते गोव्याला येतं. मग दहा प्रश्न आणि गोळी या दोन गोष्टी एका छपराखाली का येत नाहीत?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. दारू पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत त्यात गोव्याचं नाव आहे. आणि देशभरात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी कसल्या का होईना उपचारापर्यंत पोचतो तो एक. माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत. हजेरी घेताना हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि बायका. पिणाऱ्या बायकाही आहेत, आमच्या वाड्यावरही आहेत. त्यांच्यासाठी तर रांगेत उभं राहणंसुद्धा बदनामी. त्यांच्याविषयी मला जास्त लिहिता येत नाही, कारण त्या माझ्याशीही बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, निधी, मनुष्यबळ, धोरण. मी कायदा वाचलेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था धरल्या आहेत. कलम १८ सांगतं की सरकारने अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करायची आणि त्या यादीतली सगळी औषधं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी आस्थापनेत, सदासर्वकाळ, मोफत द्यायची. 'सदासर्वकाळ' हा माझा शब्द नव्हे, कायद्याचा आहे. कलम २१ सांगतं की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. तेव्हा मी उपकार मागत नाही.

मी मागते ते असं. डायसल्फिराम, नालट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही तिन्ही औषधं राज्याच्या यादीत आहेत की नाहीत ते मराठीतून आणि कोकणीतून जाहीर करा. नसतील तर घाला. तालुक्याच्या पातळीवरच्या प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात ती ठेवा, आणि आज कुठली शिल्लक आहे, कुठली नाही, ते खिडकीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहा. आम्ही शाळेत हजेरी अशीच लिहितो, खर्च येत नाही. पहिली तपासणी आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या तज्ज्ञाकडे होऊ द्यात, पण पुढच्या महिन्यांची गोळी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळीसारखी जवळच्या प्राथमिक केंद्रावर मिळू दे, तीसुद्धा एका वेळी दोन महिन्यांची. वैद्यकीय अधिकाऱ्यांना दारू उतरवण्याचे उपचार शिकवा. कोणाला घरी सांभाळता येईल आणि कोणाला दाखल करावंच लागेल हे त्यांना ओळखता यायला हवं. ते दहा प्रश्न केसपेपरच्या मागे छापा. आणि औषधाच्या दुकानांना बजावा की चिठ्ठीशिवाय डायसल्फिराम विकायचं नाही. पण ते एकटं करू नका. दुकान बंद केलंत आणि केंद्र उघडलं नाहीत तर ती बाई मांत्रिकाकडे जाईल.

फेरी तेवढी घ्या, माझी ना नाही. पुढच्या वर्षी फलकावर 'आजच सोडा' ऐवजी 'आजच डॉक्टरांना भेटा' लिहून द्या. आणि भेटायला कुठे जायचं तो पत्ता खाली लिहा. शाई पावसात टिकणारी वापरायची जबाबदारी माझी.

राहिली फाटकापाशी थांबलेली ती आई. मी तिला गोळीचं नाव सांगितलं नाही. माझी सगळी हकीगत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तो स्वतःहून येणार नाही. रविवारी यजमान त्यांच्या घरी गेले. दोघे ओट्यावर बसून काय बोलले ते मला माहीत नाही, पण तो एकदा यायला तयार झाला आहे. एकदाच, असं त्याने बजावलं आहे. येत्या सोमवारी मी रजा टाकली आहे. आम्ही चौघं पहिल्या कदंब बसने निघू. त्याचा रोज बुडेल. साधारण अकरापर्यंत आम्ही खिडकीपाशी पोचू.

त्या दिवशी गोळी आलेली असू दे.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका